आधी देवी, मग राजा

जुन्नरला राजधानीचा मान दोनदा मिळाला. बहमनी सत्तेशी फारकत घेतल्यावर मलिक अहमदनं १४९० च्या सुमारास निजामशाहीचा कारभार इथूनच सुरू केला. अहमदनगर नंतर वसलं. पुढं सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरनं निजामशहाची गादी पुन्हा काही काळ इथं आणली. त्यामुळं जुन्नर बघायला आलेल्या माणसाची यादी ठरलेली असते: शिवनेरी, हापूसबागेजवळचा सौदागर घुमट, लेण्याद्रीचा गणपती, वेळ उरला तर तुळजा लेणी. नाणेघाट या यादीत असतो, पण पावसाळ्यातला. धुकं, उलटा धबधबा, मक्याचं कणीस. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत लोक पावसापासून आडोसा म्हणून शिरतात आणि भिंतीला पाठ टेकून बसतात. त्या भिंतीवर महाराष्ट्रातला एक अत्यंत जुना राजलेख आहे. मी त्याला या शहराची सगळ्यात जुनी वेस म्हणतो. शहरापासून तो तीसेक किलोमीटर लांब असला, तरी कल्याण-सोपाऱ्याहून निघालेला व्यापारी वैशाखऱ्यावरून चढून आला की जुन्नरकडं जाताना त्याला आधी हाच दिसायचा.

गुहा साधी आहे. चौकोनी दालन, तीन बाजूंना दगडी बाक, भिक्खूंच्या खोल्या नाहीत. डाव्या आणि उजव्या भिंतीवर प्रत्येकी दहा ओळी, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. काळ बहुतेक अभ्यासकांच्या मते इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. कर्नल साइक्सनं १८२८ मध्ये या लेखाकडं लक्ष वेधलं, भगवानलाल इंद्रजींनी त्यातले अंक उलगडले आणि १८८३ मध्ये ब्यूलरनं त्याचं वाचन छापलं. इतिहासकार त्यातून घराण्यांची वंशावळ काढतात, धर्माचे अभ्यासक देवांची नावं काढतात, गणिताचे अभ्यासक अंक काढतात. ते त्यांचं काम. पण सलग मजकूर म्हणून तो वाचला तर त्यामागं एक ठाम, हिशोबी आणि बरीच स्वाभिमानी बाई उभी असलेली जाणवते.

सुरुवात नमनानं आहे. पहिला भाग झिजलेला, पण वाचता येतो तिथून देव ओळीनं येतात: धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, मग यम, वरुण, कुबेर आणि वासव हे चार लोकपाल. वासव म्हणजे इंद्रच. एकाच नमनात त्याला दोनदा हात जोडले आहेत, एकदा देव म्हणून आणि एकदा पूर्वेचा राखणदार म्हणून. संकर्षण वासुदेवाच्या आधी येतो, कारण संकर्षण म्हणजे बलराम, थोरला भाऊ. पुढं कृष्णभक्ती एवढी वाढली की थोरल्या भावाला कायमचं मागं उभं राहावं लागलं. इथं अजून घरातली वडीलकी देवांनाही लागू आहे. संपूर्ण भिंतीवर हे नातेसंबंधांचं भान असंच टिकून आहे.

नमनानंतर राजाची विशेषणं येतात. तो वीर आहे, शूर आहे, त्याचं चक्र कुणी अडवू शकत नाही, तो दक्षिणापथपती आहे. अशी विशेषणं राजांना मिळतातच. ती वाचून पुढं जावं. थांबावं ते राणीपाशी. ती अंगिय कुळातल्या महारठ्याची मुलगी, राजाची बायको, वेदिसिरी आणि सतिसिरीमंत यांची आई. इथवर कुणाची कोण एवढंच. आणि मग तिची स्वतःची ओळख येते: महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसी झालेली, ब्रह्मचर्य पाळणारी, दीक्षा, व्रतं आणि यज्ञ यांत निष्णात. या शब्दांवरून ती लेखाच्या वेळी विधवा असावी असा तर्क केला जातो. मला त्यातला अभिमान अधिक ऐकू येतो. राजाची थोरवी त्यानं मिळवलेल्या प्रदेशात सांगितली आहे, तिची थोरवी तिनं स्वतःच्या देहाला लावलेल्या शिस्तीत.

आणि या उपाशी बाईच्या ओळखीपाठोपाठ दानाचा असा पूर लोटतो की वाचणारा गुदमरतो. अग्न्याधेय, राजसूय, एकदा अश्वमेध, पुन्हा अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम, आणखी कितीतरी यज्ञ. प्रत्येकापुढं दक्षिणेचा आकडा. एके ठिकाणी १७०० गायी आणि १० हत्ती. दुसरीकडं ११,००० गायी आणि १,००० घोडे. यज्ञ बघायला आलेल्या आणि सेवेला असलेल्या मंडळींना २४,४०० कार्षापण. एका लहान यज्ञाच्या गायी तर आधी अक्षरात ‘बारस’ आणि लगेच पुढं १२ चं चिन्ह अशा दोनदा लिहिल्या आहेत. बँकेच्या चेकवर आपण अक्षरी रक्कम लिहितो तशा. हिशोबात कुणी खोट काढू नये, ही काळजी दोन हजार वर्षांपूर्वीही होतीच. दहा, शंभर, हजार यांना इथं वेगवेगळी चिन्हं आहेत. चार हजार लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला चार जोडायचे. शून्याची गरजच पडत नाही.

हे आकडे खरे असतील का, हा प्रश्न मला गौण वाटतो. ते कुठं कोरले आहेत ते पाहा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकली जायची असं सांगतात. जिथं वाटसरूच्या कनवटीतून नाणं सुटत होतं, तिथंच राजघराण्यानं ‘आम्ही किती दिलं’ याचा फलक लावला आहे. घेणाऱ्यानं घेण्याच्या जागीच देण्याचा हिशोब मांडावा, यातलं शहाणपण आजच्या राज्यकर्त्यांनाही कळतं.

खरी गंमत मात्र समोरच्या भिंतीवर आहे. तिथं राजकुटुंबाचे पुरुषभर उंचीचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात आणि वर नावं. पहिला राजा सिमुक सातवाहन, घराण्याचा मूळपुरुष. पुढं कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. पण सिमुकानंतर लगेच जी नावपट्टी येते, ती दोघांची मिळून एकच आहे, आणि तिच्यात आधी ‘देवी नायनिका’ आहे, मग ‘आणि राजा श्री सातकर्णी’. दक्षिणापथाचा स्वामी स्वतःच्या राज्यातल्या भिंतीवर बायकोच्या नावामागून येतो. ती नायनिका म्हणजेच आपण नागनिका म्हणतो ती. मोठ्या लेखात राणीचं नाव आज शिल्लक नाही. ते आपल्याला याच नावपट्टीनं दिलं. महारठी त्रणकयिर हा तिचा बाप, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर लेकीनं माहेरच्या माणसाला सासरच्या मूळपुरुषाच्या रांगेत उभं केलं आणि वर नाव कोरून ठेवलं. माझ्या मते या गुहेतलं सगळ्यात धीट वाक्य कोरलेलंच नाही. ते या पुतळ्यांच्या क्रमात आहे.

हा लेख शहराशी ताडून पाहावा म्हणून जुन्नरभोवतीच्या डोंगरांतले लेख वाचावेत. तिथं राजा क्वचितच भेटतो. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. एकेका ओळीत आटोपलेली ही दानं. भुकेल्याला जेवायला जागा आणि तहानेल्याला पाणी देणाऱ्यांचं शहर इकडं, आणि हजारो गायींची नोंद ठेवणारी राणी तिकडं घाटावर. दोन्ही मिळून जुन्नर होतं. नुसता अश्वमेध वाचून हे शहर कळत नाही.

लेखाच्या पुष्कळ ओळी आज तुटक आहेत. काही झिजेनं, काही आपल्याच लोकांनी टोकदार दगडानं स्वतःची नावं कोरल्यानं. नाणेघाटाला जाणारच असाल तर गर्दीचे पावसाळी रविवार टाळून हिवाळ्यात जा. वा. वि. मिराशींच्या सातवाहनांवरच्या मराठी ग्रंथात या लेखाची संहिता आहे, तेवढी पानं सोबत न्या, ओळीवर बोट न ठेवता वाचा, आणि बरोबर मुलं असतील तर त्यांना आधी १२ चं चिन्ह शोधायला सांगा.