नेपथ्यातही प्रेक्षक

अर्व्हिंग गॉफमन यांचा दैनंदिन जीवनातील आत्मप्रदर्शनावरील ग्रंथ १९५६ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवर राहून त्यांनी जे पाहिले, त्याचा या ग्रंथास मोठाच आधार आहे. तेथील हॉटेलाचे वर्णन आम्हांस सर्वांत सरस वाटले. भोजनगृहात पाहुण्यांपुढे शहरी अदबीने वावरणारी मंडळी स्वयंपाकघराचे दार ओलांडताच आपल्या बेटाच्या रीतीने वागू-बोलू लागतात. रंगमंच आणि नेपथ्य ही उपमा येथे इतकी चपखल बसते की, वाचक शंका घेण्याचेच विसरतो.

आमची शंका नेपथ्याविषयीच आहे. दार लोटले की खरा माणूस उरतो, असा समज त्या उपमेने होतो. ती केवळ परांची आहे, असे गॉफमन अखेरीस स्वतःच कबूल करतात. पण तोवर इमारत तिच्याच आकाराची झालेली असते! मीड यांचे विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर, १९३४ साली, ग्रंथरूप झाले. ते रूक्ष खरे, पण अधिक खोल आहे. दुसऱ्याच्या दृष्टीने स्वतःकडे पाहावयास शिकल्यावाचून ‘मी’ घडतच नाही, असे ते सांगतात. मग स्वयंपाकघरातही प्रेक्षक आलेच.

परप्रांती राहणाऱ्यास हे नवे नाही. येथे शेजारी आम्हांस ‘मराठा’ म्हणून ओळखतात. रजेवर घरी गेलो की आप्त आमच्या बोलण्यातील हिंदी वळणास हसतात. यांतले नेपथ्य कोणते, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.