निळी पडलेली लक्ष्मी: चूक छापखान्याची की उन्हाची?

वडोदऱ्यातल्या एका खासगी प्रदर्शनात रविवर्मा प्रेसची जुनी लक्ष्मी पाहिली. खाली पाटी: 'दुर्मिळ मुद्रणदोष; लाल-पिवळा रंग छापायचा राहिला.' मांडणी सुरेख, पण पाटी काही पटेना. मालकांनी आनंदाने तसबीर उघडू दिली.

1894 साली मुंबईत सुरू झालेल्या या प्रेसमध्ये प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे. एखादा दगड छापायचा राहिलाच, तर तो रंग साऱ्या चित्रातून गायब हवा. इथे चौकटीखाली झाकलेल्या कडेला लाल-पिवळा शाबूत! म्हणजे दोष उन्हाचा. उजेडात हे रंग बहुधा आधी उडतात, निळा-काळा मागे राहतो. कोणी मुद्दाम खरवडलं असतं, तर भिंगाखाली कागदाचे तंतू उसकटलेले दिसले असते, तसंही नाही. छपाईत दगड सरकला, तर तो रंग सगळीकडे एकाच बाजूला सरकलेला दिसतो.

पाटी बदलली की किंमत उतरेल, हे मान्य. पण रविवर्म्यांनी जिथे सयाजीराव महाराजांसाठी चित्रं काढली, त्या शहरात तरी खोटी दुर्मिळता नको. मंडळी, आपल्या घरची तसबीर आधी उन्हातून हलवा. तिची गोष्ट मग सांगू.