गोरखधंद्याची समीक्षा

पुस्तकांची समीक्षा होते, नाटकांची होते, लग्नाच्या जेवणाची तर पंगत उठायच्या आत होते. पण दोन वाकडे खिळे एकमेकांत अडकवून ‘घ्या, सोडवा’ म्हणून माणसाच्या हाती देणाऱ्या कलेची दखल कुणी घेतलेली माझ्या वाचनात नाही. समीक्षकांचा धंदा सुटलेलं गुंतवण्याचा, म्हणून असेल. तेव्हा हे काम आपणच अंगावर घ्यावं म्हटलं.

या प्रकाराला एक जुनं नाव आहे: गोरखधंदा. आज हा शब्द मटक्याच्या अड्ड्यावर धाड पडली की वर्तमानपत्रात येतो. मुळात मात्र तो पोलिसांच्या कक्षेबाहेरचा. गोरखपंथी साधू लोखंडाच्या नाहीतर लाकडाच्या काड्यांचं एक चक्र बाळगत. त्यात अडकवलेली कवडी किंवा दोरा युक्तीनं बाहेर काढायचा. पुढं हिंदी-उर्दूत तारा-कड्यांच्या कोड्यालाच हे नाव पडलं. हरियाणा सरकारनं २०२१ साली गैरव्यवहारासाठी हा शब्द वापरायला बंदी घातली. शब्दाची सुटका झाली खरी, पण हरियाणापुरती. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपराही गोरक्षनाथांकडूनच येते. तेव्हा हे कोडं आपल्याला परकं नव्हे.

दोन खिळ्यांचं कोडं ही या साहित्यातली लघुकथा. पात्रं दोन, संवाद किणकिण एवढाच. नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. तिथं घोड्या-गाढवांच्या बाजारापासून थोडं बाजूला, पोत्यावर असले खिळे मांडून बसलेला एक म्हातारा मी पाहिला. एक धिप्पाड गडी ते खिळे दोन्ही हातांनी ओढत होता. म्हातारा म्हणाला, “उगं ताकद लावू नका मालक. वढलं की आणखीन बसतंय. सैल धरा, ते आपुन वाट दावतंय.”

इतकी नेमकी समीक्षा मी चर्चासत्रातही ऐकलेली नाही. खिळा वाकवायचा नाही, तोडायचा नाही. एकाच्या वेढ्यातली फट दुसऱ्यासमोर आणायची आणि हलकेच फिरवायचं. नांदेड आणि लातूर ही तरी दुसरी काय, दोन खिळ्यांची जोडीच! २००९ साली महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं, लातूरकर उठले, आणि दोन्हीकडून ओढ सुरू झाली. म्हाताऱ्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही.

नऊ कड्यांचं कोडं ही मात्र कादंबरी. लांबट फाशात नऊ कड्या अडकवलेल्या, सगळ्या उतरवायच्या. इटलीच्या कार्दानो या वैद्य-गणितज्ञानं १५५० साली आपल्या ग्रंथात याचं वर्णन केलं आहे. नियम असा: पहिली कडी केव्हाही निघते, केव्हाही बसते. पुढची कोणतीही हलवायची तर तिच्या लगेच अलीकडची फाशावर हवी आणि त्याहून अलीकडच्या सगळ्या उतरलेल्या हव्यात. तीनच कड्या घ्या. पहिली काढा. तिसरी काढा. आता दुसरीसाठी पहिली परत घालावी लागते. घाला. दुसरी काढा, मग पुन्हा पहिली. झाल्या ५ चाली. पाच कड्यांना २१ लागतात, नऊ कड्यांना ३४१.

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. नवखा माणूस तिथं फिरून फिरून पहिल्याच दुकानासमोर येतो आणि वैतागतो. नऊ कड्यांत असं मागं येणं हाच पुढं जायचा रस्ता. या कादंबरीचं सगळं मोठेपण मला त्यात दिसतं.

दोष आहे, पण तो कलाकृतीत नाही, रसिकांत आहे. “आण इकडं, दाखवतो!” म्हणणारा एक इसम प्रत्येक घरात असतो. तो रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणाऱ्या जातीचा.

आमच्या भागात या इसमाचं पीक चांगलं येतं. बारावीच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ गाजला. आता लातूर-नांदेड दोन्हीकडं नीटच्या शिकवण्यांसाठी गावोगावची पोरं येऊन राहतात. एका खेपेला डॉक्टरकीची जागा हुकली की पोरगं पुन्हा वर्षभर बसतं. त्याला म्हणायचं ‘रिपीटर’. ‘अमक्याला दमा आहे’ हे ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात नातेवाईक हा शब्द उच्चारतात.

माझा एक भाचा असाच लातूरला दुसऱ्यांदा बसलाय. दिवाळीत आला तेव्हा त्याच्यापुढं तीन कड्या ठेवल्या.

“मामा, ट्रिक काय हाय?”

मी गप्प बसलो. मामा लोकांना हे फार जड जातं. बऱ्याच वेळानं कड्या सुटल्या. त्यानं चाली मोजल्या.

“पहिली परत घातली, ती धरायची का?”

“धरायची.”

“पण ती तर मागं गेली.”

“ती धरल्याशिवाय पाच होत नाहीत.”

तो काही बोलला नाही. कड्या पुन्हा फाशात अडकवल्या, पुन्हा सोडवल्या. दुसऱ्या दिवशी लातूरची गाडी धरताना कोडं खिशात घालून घेऊन गेला. समीक्षेसाठी आलेली प्रत परत द्यायची नसते, हा नियम त्याला कुणी सांगितला कोण जाणे!