तुरट रस आणि ‘नैसर्गिक’ हें विशेषण

इटलीच्या उत्तरेस ट्रेंटिनो प्रांताच्या डोंगरउतारांवर नोझिओला नांवाचें पांढरें द्राक्ष होतें. त्याचें सालींसकट आंबविलेलें मद्य अलीकडे रसिकांत वाखाणलें जातें, आणि त्या स्तुतींत एक विशेषण हटकून येतें : ‘नैसर्गिक’. आमचा आक्षेप त्या मद्यावर नाहीं, या विशेषणावर आहे. ज्या गुणासाठीं तें मद्य खरोखर स्तुतीस पात्र आहे, तो गुण या शब्दाआड झांकला जातो. आणि ज्या पेयास हा शब्द अधिक शोभावा, तें आमच्या भिवंडीच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या ताडावरून उतरत आलें असतां त्यास रसिकांच्या सभेंत कोणी बसूं देत नाहीं. (मद्याची चर्चा म्हणजे मद्यपानाची शिफारस नव्हे, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. ज्यांस तरीहि संकोच वाटेल त्यांनीं आपल्या कपाटांतील द्राक्षासवाची बाटली आठवावी. धायटीच्या फुलांच्या योगानें आंबून तेंहि मादकच झालेलें असतें.)

पांढरें मद्य करण्याची रूढ रीति अशी कीं, द्राक्षें चिरडतांच रस निराळा काढावयाचा, साली टाकून द्यावयाच्या, आणि थंड पोलादी टाकींत निवडक किण्व घालून तो आंबवावयाचा. आमच्या नाशिककडील पांढरीं मद्यें सामान्यतः याच वाटेनें जातात. मेझोलोंबार्दो येथील एलिझाबेत्ता फोरादोरी यांनीं मात्र ट्रेंटो शहरावरच्या टेकडींतील आपल्या फोंतानासांता मळ्याचा नोझिओला सालींसह मातीच्या रांजणांत भरला. रांजण स्पेनमधून आणविलेले; किण्व मात्र द्राक्षांबरोबर येईल तेंच. सुमारें आठ महिने रस सालींच्या सहवासांत राहतो. त्यांच्याहि आधीं, स्लोव्हेनियाच्या सीमेलगतच्या ओस्लाव्हिया गांवीं योश्को ग्राव्हनर यांनीं २००० सालीं जॉर्जियांत जाऊन जमिनींत पुरलेले रांजण पाहिले आणि २००१ पासून तीच रीति धरिली. जॉर्जियाचें हें प्राचीन कसब २०१३ सालीं युनेस्कोनें आपल्या वारसायादींत घेतलें.

सालींतून रंग येतो, तसा तुरटपणाहि येतो. पांढऱ्या मद्यांत तुरटपणा म्हणजे कारागिराची चूक, असें पुष्कळ युरोपीय परीक्षक समजत आले. येथें आमची भाषा अधिक संपन्न आहे. षड्रसांत कषायाला स्वतंत्र पाट मांडलेला आहे. सुपारी, जांभूळ, कच्चें केळें, हिरडा यांवर वाढलेल्या जिभेस तो परका नाहीं. आवळा खाऊन वर पाणी प्यावें म्हणजे पाणीच गोड लागतें, हा अनुभव प्रत्येक मराठी मुलाचा आहे. आधुनिक शरीरशास्त्र तुरटास रस न मानतां स्पर्श मानतें, कारण तो लाळेंतील प्रथिनांस धरून जीभ कोरडी करितो. असो, रस म्हणा कीं स्पर्श, त्यामुळें पेयास अंग येतें. नुसत्या सुगंधी, आंबट पांढऱ्या मद्यास जें अंग नसतें तें या मद्यास आहे, आणि नारळाच्या रसांतील मासळीशेजारीं तें पुसलें जाणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. त्याची खरी थोरवी ही आहे.

आतां ‘नैसर्गिक’ म्हणजे काय? फ्रान्समध्यें २०२० सालीं ठरलेल्या व्याख्येप्रमाणें द्राक्षें हातानें खुडलेलीं, किण्व तेथलेंच, आणि घातलेंच तर गंधकद्रव्य लिटरमागें ३० मिलिग्रॅमच्या आंत. म्हणजे काय काय घालावयाचें नाहीं, याचीच ही बहुतेक यादी. परंतु द्राक्षवेल आपण होऊन रांजणांत उतरत नाहीं. छाटणी केव्हां करावी, खुडणी कोणत्या दिवशीं, रांजण किती निर्मळ, साली केव्हां काढाव्या, हें सारें ज्ञान माणसाचें आहे. आठ महिन्यांच्या त्या संयमास निसर्ग म्हणणें म्हणजे गवयाच्या रियाजास ‘उपजत गळा’ म्हणण्यापैकींच होय.

आणि निव्वळ कांहीं न घालण्यावरच प्रतिष्ठा ठरावयाची असेल, तर ताडीचा मान पहिला. ताडाच्या फुलोऱ्याचें टोक रोज पातळसें छेदून खालीं मडकें बांधितात. पहांटेचा रस म्हणजे गोड नीरा. तो हवेंतल्या, झाडावरच्या आणि मडक्यांत राहिलेल्या कालच्या अंशांतल्या किण्वानें कांहीं तासांतच आंबूं लागतो. आंबूं द्यावयाचा नसेल तर मडक्यास आंतून चुना लावितात. गंधक नाहीं, विकतचें किण्व नाहीं. पण उंच ताडावर रोज चढून, रस वाहता राहील आणि झाड मरणार नाहीं इतकाच छेद देणाऱ्या हाताचें कसब येथेंहि आहेच.

या कसबाचा इतिहास मात्र स्तुतीचा नाहीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें झाड छेदण्यास परवाना आणि त्यावर कर लागू झाला. १८९२ च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरहि निर्बंध आला. हीं फुलें वनवासी लोकांचें केवळ पेय नव्हतें, अन्नहि होतें. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून ताड छेदणें हा गुन्हाच केला. ताडीपायीं संसार बुडाले हें खोटें नाहीं, आणि त्याकडे डोळेझांक करणारी रसिकता आम्हांस नको. पण द्राक्षमद्यानेंहि संसार बुडतातच. तेव्हां एकाच क्रियेला रांजणांत ‘परंपरा’ आणि मडक्यांत ‘व्यसन’ म्हणणारी अभिरुचि नीतीच्या नांवाखालीं पेल्याची किंमत पाहते, असें म्हणावें लागतें.

तथापि दोन्ही पेयें एका पंक्तीचीं आहेत असा अभिमानी निष्कर्षहि आम्ही काढीत नाहीं. सालींवर पोसलेला नोझिओला वर्षानुवर्षें वाट पाहूं शकतो. पहांटेची ताडी सायंकाळीं आंबट आणि पुढें शिरका. तिला बाटली नाहीं, साल नाहीं, म्हणून समीक्षकहि नाहीं. तिची परीक्षा स्वयंपाकघरांत झाली : वसईकडील ख्रिस्ती घरांत सणाच्या फुग्यांचें पीठ तिनें फुगवीत, आणि गोव्यांत सान्नांचें पीठ माडाच्या सुरेनें. पीठ वर आलें नाहीं तर त्या बायकांस ताडी केव्हांची उतरविलेली आहे हें लगेच कळे.