दोन डॉक्टर, एक आकडा

मधुमेहावरच्या व्याख्यानांत एक फोटो वारंवार दाखवला जातो. २००४ साली तो 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. फोटोत दोन डॉक्टर आहेत : पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की मिळणारा देहभारांक दोघांचाही २२.३. पण शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के!

उंची-वजनाचा आकडा स्नायू आणि मेद यांत फरक करत नाही, हे नववीच्या मुलालाही यावरून पटेल. आमची तक्रार फोटोबद्दल नाहीच. तो दाखवण्याच्या रीतीबद्दल आहे. 'आपली जनुकेच तशी' एवढे सांगून वक्ते मोकळे होतात. मूळ टिपणात लेखकांनीच खुलासा केला आहे : युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचे धावणे म्हणजे सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे! जनुकांचा वाटा अजून ठरायचा आहे असे सांगून त्यांनी याज्ञिकांच्या कमी जन्मवजनाकडे लक्ष वेधले आहे. शिवाय दोन माणसांवरून दोन देशांविषयी निष्कर्ष काढायचा नसतो, हे आपण प्रयोगाच्या तासाला शिकवतोच.

खरा पुरावा दुसरीकडे आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे पोट लहान, स्नायू कमी. त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून राहिलेला. २००३ साली हे प्रसिद्ध झाले. वडापावला दोष द्यावा, तर या बाळांनी तो अजून पाहिलाही नव्हता!

जनुक असणे वेगळे आणि ते चालू असणे वेगळे. डीएनएची अक्षरे तीच राहतात, पण त्यांवर मिथाइल गट बसले किंवा उतरले की जनुकाचे काम मंदावू वा वाढू शकते. हॉलंडमधील १९४४-४५च्या दुष्काळात गर्भात आलेल्यांच्या एका वाढीच्या जनुकावर साठ वर्षांनंतरही असे गट कमी आढळले (२००८). मेदऊतीही नुसते कोठार नव्हे. मेंदूला साठ्याची खबर देणारे लेप्टिन हे संप्रेरक ती तयार करते, हे १९९४ पासून ठाऊक आहे.

उल्हासनगरच्या वर्गात तर हा विषय घरचाच. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून हे शहर उभे राहिले. तेव्हापासूनच्या तीन-चार पिढ्यांत जनुकांची अक्षरे फारशी बदललेली नाहीत. काम आणि ताट बदलले. अंबरनाथ-बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्या पालकांचे तर दिवसाचे तीनेक तास लोकलमध्येच जातात. 'जनुकेच तशी' हे उत्तर त्यांच्या मुलांना दिले, तर पुढे विचारायला प्रश्नच उरत नाही.

फोटो वर्गात जरूर लावावा. मात्र त्याखाली लिफ्टची गोष्ट आणि बाळांची ती दोन वजनेही लिहावीत.