उल्हासकाठचे बारमाही आकाश

शहाडहून आंबिवलीकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात उल्हास नदी ओलांडते, आणि दाराशी दाटीवाटीने उभे असलेले प्रवासी, ज्यांना एरवी शेजाऱ्याच्या खांद्यापलीकडचे काही दिसत नाही, तेही त्या पुलावर क्षणभर बाहेर पाहतात. या नदीच्या काठी एकाच जागी मी काही वर्षे कॅमेऱ्याचा तिपाया रोवत आलो आहे. आणि आपल्या भूदृश्य-छायाचित्रणाविषयी जी कैफियत मला मांडावयाची आहे, ती याच जागी उभे राहून सुचलेली आहे. आमचा छायाचित्रकार ऋतूच्या जत्रेला जातो, आणि जत्रा उठली की परततो.

ज्येष्ठाच्या तोंडावर भंडारदऱ्याचे काजवे, आषाढ-श्रावणात माळशेजचे धबधबे, भाद्रपदात कासच्या पठारावरील फुले, थंडीत ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी, अशी ही वहिवाट ठरून गेली आहे. या चित्रांतले कौशल्य मी नाकारीत नाही. तांत्रिक सफाई इतकी पूर्वी कधीच नव्हती. परंतु काजव्यांनी लखलखलेले जे झाड आपण पाहतो, ते बहुधा लागोपाठ घेतलेल्या कित्येक चित्रांची थप्पी असते. त्या रात्री त्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला ते तसे कधीच दिसलेले नसते. आणि फाल्गुन, चैत्र, वैशाख या महिन्यांचे तर आमच्या दप्तरात नावच नाही.

या कलेची आकाशाशी असलेली अडचण जुनी आहे. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था 1854 मध्ये स्थापन झाली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी कल्याणपर्यंत आली त्याच वर्षी. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. त्या काळची कोलोडियनची काच ओली असतानाच उजेडात धरून, वाळण्यापूर्वी तंबूतल्या अंधारात धुवावी लागे, आणि ती निळ्या प्रकाशाला इतकी हळवी असे की डोंगर नीट उमटेपर्यंत आकाश करपून कोरे पांढरे होई. ज्या बोरघाटाच्या परिसरात आमची उल्हास उगम पावते, तेथील रेल्वेबांधणीची त्या काळातली छायाचित्रे पाहावीत: खडक, कमानी, मजूर सारे रेखीव, आणि वर कागदाचा कोरा पट्टा. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्राची एक काच आणि आकाशाची दुसरी काच जोडून यावर तोड काढली. आज मोबाइल तेच काम, न विचारता, एका क्षणात करतो. आणि एखादी आज्ञावली तर साऱ्या आकाशाचीच अदलाबदल करून देते.

माझा आक्षेप येथे आहे. कोकणपट्टीतले श्रावणातले आकाश खरोखरच पांढरे असते. पाणी गढूळ चहासारखे, त्यावर वरून तुटून आलेले जलपर्णीचे बेट, बेटावर एखादा बगळा, आणि पलीकडचा काठ आकाशात विरून गेलेला. या दृश्यावर कोणी काळेनिळे मेघ आणून बसविले की चित्र भव्य होते, पण ते शहाडचे राहत नाही. कोलोडियनची जी उणीव होती, तीच आमच्या पावसाळ्याची खरी कांती आहे, हे कोणी मनावर घेत नाही.

प्रकाशाविषयीची पोथीही परक्या अक्षांशांवर लिहिलेली. उत्तरेकडच्या देशांतले छायाचित्रकार ज्या सोनेरी प्रहराचे गुणगान करतात तो तेथे लांबतो. आमच्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटपतो. उलट, एकोणीस अंशांवरील या मुलखात सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यास आणि जुलैअखेरीस, थेट माथ्यावर येतो. आणि उगवतीची जागा वर्षभरात क्षितिजावर सुमारे पन्नास अंश सरकते. एका जागी बारा महिने उभा राहिल्याखेरीज हे कोणाला उमगणार? मार्गशीर्षातल्या पहाटे थंड हवेचा थर खाली आणि उबदार थर वर असा पालथा प्रकार होतो, तेव्हा चिमण्यांचा धूर वर न जाता सुतळीसारखा आडवा पसरतो, नदीतून वाफ उठते, आणि दक्षिणेकडचा मलंगगड दिसेनासा होतो. वैशाखात तो धुळीमागे फिकट असतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर अचानक हाताच्या अंतरावर येऊन उभा राहतो.

एका जागी राहण्याची ही परंपरा आपल्याला अपरिचित नाही. कोल्हापुरात कोटितीर्थाच्या काठी राहून आबालाल रहिमान यांनी तेच पाणी निरनिराळ्या प्रहरी रंगविले. छायाचित्रणात मात्र आमची झेप उंचीकडे गेली: गोपाळ बोधे यांनी आकाशातून घेतलेली चित्रे, उद्धव ठाकरे यांचे 2010 चे ‘महाराष्ट्र देशा’. या कामाने गडांचा आकार आम्हाला प्रथमच समजला, हे ऋण मोठे आहे. पण उंचीवरून मुलूख दिसतो, हवा दिसत नाही. आणि जमिनीवरचा आमचा माणूस विजेच्या तारा, रेयॉनच्या कारखान्याची चिमणी, लोकलचे डबे टाळण्यासाठी चौकट इतकी आवळतो की उरलेले दृश्य कोणत्याही गावचे होऊ शकते. ठाणे जिल्ह्यातला निसर्ग या साऱ्यांसहच नांदतो. त्यांना हद्दपार करून काढलेला ठसा मला खोटी नोंद वाटतो.

माझ्या भिंतीवर त्या एकाच जागेचे बारा ठसे ओळीने लावलेले आहेत. जुलैअखेरचा ठसा सर्वांत फिका. सूर्य त्या दुपारी माथ्यावर होता हे पंचांगानेच सांगावे, इतका उजेड सपाट. पाहुणे त्याच्यापुढे थांबत नाहीत. मग मी त्यांना जवळ बोलावून खालच्या कोपऱ्यातली कुंपणाची तार दाखवतो. तिच्यावर पावसाचे थेंब ओळीने लोंबत आहेत, आणि प्रत्येक थेंबात नदी वर आहे, आकाश खाली.