संदर्भोल्लेखांची गणती आणि सिद्धांताचे मोल

सैद्धांतिक रसायनशास्त्रज्ञाचे कार्य त्याच्या निबंधांच्या संख्येवरून आणि इतरांनी केलेल्या त्यांच्या संदर्भोल्लेखांवरून तोलण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानातील संदर्भोल्लेखांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा एका निबंधावरून त्याच्या सजातीय निबंधांपर्यंत पोहोचणे हा तिचा मुख्य उपयोग मानला होता. २००५ मध्ये हिर्श यांचा एच-निर्देशांक आला आणि वाट दाखविणारे साधन तराजू होऊन बसले. हा तराजू कितपत विश्वसनीय आहे, हे पुणे विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन केलेल्या श्रीधर गद्रे यांच्या कार्यावरून पाहणे उद्बोधक ठरेल. १९९३ चे भटनागर पारितोषिक मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या कार्याचे तीन प्रवाह आहेत.

पहिला प्रवाह माहिती-एन्ट्रॉपीचा. अणूतील इलेक्ट्रॉनांचे स्थानानुसार व संवेगानुसार होणारे वितरण घेऊन त्या दोहोंच्या एन्ट्रॉपींची बेरीज केली असता ती अणुक्रमांकाच्या लॉगॅरिथमप्रमाणे वाढते, हे त्यांनी १९८४ मध्ये थॉमस-फर्मी सिद्धांताच्या आधारे दाखविले.

दुसरा प्रवाह अधिक मूलगामी आहे. राजीव पाठक व गद्रे यांनी १९९० मध्ये असे सिद्ध केले की, रेणूच्या स्थिरविद्युत विभवाला अणुकेंद्रकांखेरीज अन्यत्र कोठेही महत्तम बिंदू असू शकत नाही. युक्तिवाद थोडक्यात असा: प्वासाँच्या समीकरणानुसार, केंद्रके वगळता, विभवाचा लाप्लासियन हा इलेक्ट्रॉन-घनतेच्या धन पटीइतका असतो; घनता सर्वत्र धन असते; महत्तम बिंदूपाशी मात्र लाप्लासियन धन असू शकत नाही. म्हणून लघुत्तम बिंदू संभवतात, महत्तम संभवत नाहीत. हे लघुत्तम बिंदू एकाकी इलेक्ट्रॉन-युग्मांच्या व पाय-बंधांच्या स्थानी आढळतात. धनभारित अभिकारक कोठे आकर्षिला जाईल, याचा निर्देश त्यांवरून मिळतो.

सिद्धता इतकी अल्प आहे की ती कोणालाही सुचली असती, असा आक्षेप येऊ शकतो. परंतु प्वासाँचे समीकरण एकोणिसाव्या शतकापासून सर्वांसमोर होते आणि रेणूंच्या विभवाचे नकाशेही त्यापूर्वी काही दशके काढले जात होते. दोहोंचा सांधा जुळविणे हेच येथे संशोधन होय.

आता तराजूकडे वळू. गद्रे यांनी अमेरिकेत ज्यांच्यासमवेत काम केले त्या रॉबर्ट पार यांचा, ली व यांग यांच्यासह लिहिलेला १९८८ चा निबंध सर्वाधिक संदर्भोल्लेख झालेल्या निबंधांच्या २०१४ च्या यादीत सातवा होता. त्यातील सूत्र संगणक-आज्ञावलीत बसले आहे आणि ते वापरणारा प्रत्येकजण त्याचा उल्लेख करतो. साधनाचा उल्लेख वापरागणिक होतो. सिद्धांत मात्र एकदा पटला की पाठ्यपुस्तकात विरघळतो आणि नावानिशी सांगण्याची गरज उरत नाही. समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी ही विस्मृतीची क्रिया विशद केलेली आहे. दोन्ही प्रकारच्या कार्यास एकच माप लावणे म्हणजे विहिरीचे मोल तिच्या पोहऱ्यांच्या संख्येवरून ठरविणे होय.

तिसरा प्रवाह रेणूच्या कापणी-जुळणीचा, १९९४ मध्ये शिरसाट व लिमये यांच्यासह मांडलेला. रेणूचा आकार दुप्पट झाल्यास दुसऱ्या क्रमाच्या म्योलर-प्लेसेट गणनेचे श्रम सुमारे ३२ पट होतात. त्यावर उपाय म्हणून मोठा रेणू परस्परांवर चढणाऱ्या तुकड्यांत विभागावयाचा, प्रत्येकाची गणना स्वतंत्र करावयाची, आणि दुहेरी मोजलेला भाग वजा करावयाचा. पुढे २००६ मध्ये याच मार्गाने रेणूअंतर्गत हायड्रोजन-बंधाची ऊर्जा अजमावण्यात आली. तुकड्यांची निवड अनुभवावर अवलंबून राहते व त्यातून चूक शिरते, हा या पद्धतीतील खरा उणेपणा आहे. तथापि मर्यादित यंत्रसामग्रीत मोठे प्रश्न हाताळण्याची निकड तिच्या मुळाशी होती. हे तिचे मर्म कोणत्याही निर्देशांकात उतरत नाही.

यावरून संदर्भोल्लेख निरर्थक ठरत नाहीत. एखादे साधन कितीजणांनी हाती घेतले, हे ते प्रामाणिकपणे सांगतात. परंतु नेमणूक वा बढती ठरविणाऱ्या समितीने निबंधांची संख्या पाहून निबंध न वाचणे, हा निर्णय नव्हे, निर्णयाचा त्याग आहे. १९९० चा तो निबंध वाचणाऱ्यास लाप्लासियनाच्या चिन्हात जे दिसते, ते गणतीच्या कोणत्याही स्तंभात दिसणार नाही.